आधी नाक, मग नाव

सुमन पगारे यांचा आवाज रागात चढत नसे, उतरत असे. राग जितका जास्त, तितका आवाज कमी. त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलांना हे पहिल्या वर्षातच कळायचं. मॅडम मोठ्याने ओरडल्या तर मुलं निर्धास्त असत. त्यांचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचेनासं झालं की शेवटचा बाक सावरून बसे. एकदा प्रयोगशाळेतलं भिंग कोणीतरी खिशात घालून नेलं. त्या दिवशी मॅडम काय बोलल्या ते पहिल्या बाकावरच्या मुलींनाही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंग टेबलावर होतं.

मी त्यांचा विद्यार्थी नाही, शेजारी. आनंदवलीला नदीकाठच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या. मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यावर त्यांनी माझी एकच चौकशी केली.

"फोटोखालच्या ओळी कोण लिहितं?"

"डेस्कवर लिहितात."

"मग डेस्कला सांगा. 'वादळात झाड कोसळले.' कोणतं झाड? माणूस गेला तर 'माणूस गेला' एवढंच छापता का?"

तेव्हापासून वादळवारा झाला की सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "आजचा पिंपळ नाही, पिंपरण आहे." एवढं बोलून फोन बंद. नमस्कार, कसे आहात, वगैरे नाही.

उंची बेताची. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वाकड्या मुठीची काळी छत्री. छत्री बाराही महिने. उन्हाळ्यात संध्याकाळी छत्री कशाला, असं सोसायटीत नव्याने आलेलं कोणीतरी विचारायचं. "फांदी खाली ओढायला," असं उत्तर मिळायचं. ते खरंच होतं. झाड दिसलं की छत्रीच्या मुठीने फांदी खाली यायची, एक पान तुटायचं, उन्हाकडे धरलं जायचं, मग दोन बोटांत चुरगळून नाकाशी जायचं. त्यानंतरच मॅडम त्या झाडाबद्दल बोलायच्या. विद्यार्थ्यांनाही तीच शिस्त. पाठ केलेलं नाव आधी सांगणाऱ्याला त्या थांबवायच्या. "आधी नाक, मग नाव."

गंगापूर रोडच्या भाजीवाल्या बायकांना ही सवय माहीत होती. एकदा मी तिथे उभा असताना एकीने त्यांच्या हातातून जुडी जवळजवळ हिसकावलीच.

"मॅडम, मेथी खायची असती, चुरगाळायची नाय."

"चुरगळल्याशिवाय ती ताजी आहे हे मला कसं कळणार?"

"मी सांगते ना!"

"तू काल शेपूलाही ताजा म्हणालीस."

बाई हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. शेपू खरोखरच शिळा निघाला होता आणि त्या ते विसरल्या नव्हत्या.

त्या नाशिकरोडच्या. वडील छापखान्यात कामगार, घर वस्तीतल्या बौद्धविहाराला लागून. कॉलेजात नोकरी लागल्यावर त्यांनी कॉलेज रोडला भाड्याचं घर शोधायला सुरुवात केली. एका घरमालकांनी चहा दिला, खोल्या दाखवल्या, गच्चीही दाखवली. मग विचारलं, "मॅडम, पूर्ण नाव काय आपलं?" त्यांनी सांगितलं. मालक म्हणाले, "पगारे... म्हणजे मूळचे तुम्ही कुठले?" नाशिकचेच, असं उत्तर आलं. "नाही, म्हणजे तुमच्यात..." इथे मालक थांबले. वाक्य पुरं करायची त्यांची हिंमत नव्हती आणि सोडून द्यायची तयारी नव्हती.

मॅडमनी कप खाली ठेवला. "विचारा ना सरळ. झाड ओळखायचं असेल तर मी पान चुरगळते. तुम्ही काय चुरगळणार?"

हे त्यांनी किती हळू आवाजात विचारलं असेल याची मला आता कल्पना आहे. ते घर त्यांना मिळालं नाही. पुढची काही घरंही मिळाली नाहीत. पुढे आनंदवलीला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्यांनी स्वतःचं घर घेतलं. त्या वेळी तिथे रस्ता नव्हता, बस नव्हती, आणि आडनाव विचारायला शेजारीही नव्हते. खिडकीखाली गोदावरी होती आणि नदीच्या काठाला, खडकांच्या फटींमधून, पाणजांभळीची सलग झाडी होती.

पाणजांभूळ हे जांभळाच्या गोतातलं झुडूप. पानं वाळुंजासारखी अरुंद, लांब. उंची कमरेपासून डोक्यापर्यंत. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी, तंतूंची फुलं येतात, मधमाश्या येतात, मग छोटी जांभळं धरतात. ती पक्षी खातात; माणसाला आंबट लागतात. वाहत्या पाण्याला चिकटून वाढणारं हे झाड. पूर आला की आडवं पडतं, पूर ओसरला की उठतं. मॅडमच्या भाषेत, "यापेक्षा जास्त ते काही करत नाही. पण तेवढं करणारं या काठावर दुसरं कोणी नाही."

आणखी एक गोष्ट ते करतं. पुराबरोबर वाहत आलेलं सगळं अडकवून धरतं. वरच्या वस्त्यांमधल्या पिशव्या, चिंध्या, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या माळा, एकदा अख्खी गादी. पाणी उतरलं की झाडी हिरवी दिसत नसे. चिंध्यांची रांग दिसे. शहराने नदीत टाकलेलं शहरालाच दाखवायचं काम ती झुडपं करत. लोकांना त्यात कचरा दिसायचा आणि तो झाडाचाच आहे असं वाटायचं.

दसरा झाला की मॅडम बूट काढून, साडी खोचून काठावर उतरत. छत्रीच्या मुठीने एकेक चिंधी ओढून काढत, पोत्यात भरत. हे काम चांगलं आठवडाभर चाले. सोसायटीतले लोक गच्चीतून बघत. देवरे काका, म्हणजे आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, वरून हाक मारत, "मॅडम, कशाला त्रास घेता? महापालिका आहे ना!"

"महापालिकेला यातलं झाड कुठलं आणि चिंधी कुठली ते कळतं का, विचारून सांगा," मॅडम खालून म्हणत.

या झाडावर तुमचं एवढं प्रेम का, असं मी एकदा विचारलं. पुरवणीसाठी चांगला मजकूर होईल, असं माझ्या मनात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डेस्कने वडाला रेन ट्री लिहिल्यावर पाहतात तसं.

"प्रेम नाही. मला फुलं बघून कविता सुचत नाहीत. ते तिथलं आहे. जे जिथलं आहे त्याला तिथून हलवायचं तर कारण हलवणाऱ्याने द्यावं. मी राहण्याचं कारण का द्यायचं?"

पुरवणीसाठी मजकूर झाला नाही.

सिंहस्थ तोंडावर आला की या शहराला नदीची आठवण येते. या वेळी आमच्या काठावर फिरायचा रस्ता होणार होता. दगडी कठडा, बाकडी, दिवे, फुलझाडं. कामाआधी रहिवाशांची बैठक सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावण्यात आली. काठाच्या बागकामाचं कंत्राट मिळालेल्या कंपनीतर्फे बोलायला आलेला माणूस जिन्याजवळ मॅडमना बघून थबकला आणि वाकून पाया पडायला लागला.

"पाया पडू नको," मॅडम म्हणाल्या. "पाय कुठे ठेवलायस ते बघ."

तो कुंडीतून काढून जमिनीत लावलेल्या एका रोपावर उभा होता.

हा हर्षल आहेर. चांदवडच्या बाजूचा, मॅडमचा विद्यार्थी. त्याची गोष्ट मॅडमनी मला पूर्वीच सांगितली होती, नाव न घेता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला त्यांनी वर्गात जांभळाची फांदी फिरवली होती. शहरातली मुलं पान हातात घेऊन लॅटिन नाव सांगायला बघत होती. गावाकडून आलेल्या एकाने पान चुरगळलं, नाकाला लावलं आणि भर वर्गात बोलला, "मॅडम, लय भारी वास हाय! कैरीच्या चिकावानी!" वर्ग हसला. मॅडमचा आवाज उतरला. "हसताय काय? तुम्ही नाव पाठ केलंय. वास फक्त यानेच घेतलाय." पुढची तीन वर्षं तो पोरगा पहिल्या बाकावर बसला. निवृत्त होताना त्यांना विचारलं असतं की आयुष्यात कोणाला शिकवलं, तर त्यांनी त्याचंच नाव घेतलं असतं, असं मला वाटतं.

आता त्याची मराठी शहरी झाली होती. अंगावर कंपनीचा टी-शर्ट होता, हातात टॅब. पडद्यावर चित्रं दाखवली गेली: सरळ रस्ता, रस्त्याच्या कडेला लाल फुलांची झाडं, हातात हात घालून चालणारी माणसं. नदी एका कोपऱ्यात, निळी.

मॅडम उठल्या. "काठावरची झुडपं कुठे आहेत यात?"

"मॅडम, ती स्क्रब आहे, नुसती खुरटी झाडी. सर्व्हेमध्ये तसंच आलंय."

"तू उतरलास का खाली?"

"टीम उतरली होती."

"तू."

मॅडम त्याला घेऊन काठावर गेल्या. मागून आम्ही दोघंतिघं. खाली गेल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त एक पान तोडून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उन्हाकडे धरलं, चुरगळलं, वास घेतला. क्षणभर तो पुन्हा पहिल्या बाकावरचा झाला. "पाणजांभूळ," तो म्हणाला. "मॅडम, हे एवढं इथे आहे?"

त्याने तिथेच शब्द दिला. रस्त्याला इथे वळण घेऊ, झाडी नदीच्या बाजूला तशीच राहील. टॅबवर बोटाने रेष वाकवून दाखवली. मॅडमनी मान हलवली. परत येताना त्या छत्री टेकत टेकत माझ्याशी, मोठ्या आवाजात, वांग्याच्या भावाबद्दल बोलत होत्या. याचा अर्थ त्या खूश होत्या.

त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दसरा आला, गेला; त्यांना काठावर उतरता आलं नाही. झाडीत अडकलेल्या चिंध्या तशाच राहिल्या. थंडीत पानं धुळकट झाली, चिंध्या वाळून फडफडू लागल्या. उन्हाळा आला तशी झाडी फुलली. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला फुलं दिसायची नाहीत, पिशव्या दिसायच्या. मॅडम खिडकीतून बघत. मला दोनदा म्हणाल्या, "चालायला लागले की आधी ते काढायचंय."

मग जयंती आली. चौदा एप्रिलला मॅडम दर वर्षी नाशिकरोडच्या आपल्या जुन्या वस्तीत असत. सकाळी वंदना, मग मुलांसमोर भाषण, जेवण. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार होत्या. पांढरी साडी नेसून, रिक्षा करून, त्या सकाळीच गेल्या.

सुट्टीचा दिवस, सगळे घरी, म्हणून सोसायटीने त्याच दिवशी नदीकाठ स्वच्छता मोहीम ठेवली होती. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे प्रत्येकाने मला तेवढंच सांगितलं. सारख्या टोप्या वाटल्या गेल्या. हातमोजे आले. आधी लोक पिशव्या काढायला लागले. काटक्यांमध्ये अडकलेल्या चिंध्या निघेनात. कोणीतरी म्हणालं, झुडूपच काढलं तर कटकट जाईल. वॉचमनकडे कोयता होता. मी त्या दिवशी शहरातल्या मिरवणुकीच्या बातमीवर होतो. दुपारी परतलो तेव्हा काम झालं होतं. काठ मोकळा. बुंध्यांची खुंटं पांढरी दिसत होती. कापलेल्या फांद्यांचा ढीग पार्किंगजवळ रचलेला, त्यावर फुलं अजून ताजी, आणि मधमाश्या ढिगावर घोंगावत होत्या. बाजूला टेबल मांडून मिसळ चालली होती.

मॅडमची रिक्षा तेवढ्यात आली.

देवरे काका हातात पाव घेऊन पुढे झाले. "मॅडम, बघा! किती मोकळं झालं! आता बाल्कनीतून नदी दिसते."

मॅडमनी ढिगाकडे पाहिलं. मग काकांकडे. त्यांनी काहीतरी विचारलं. काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते, त्यांना ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

मॅडम ढिगापाशी गेल्या. एक फांदी ओढून काढली. पानं खुडली आणि टेबलाभोवती बसलेल्या माणसांकडे आल्या. पहिल्या माणसासमोर पान धरलं. "चुरगळा." तो गोंधळला. हाताला रस्सा होता. "हात पुसा. चुरगळा. वास घ्या." त्याने घेतला. मग दुसरा. मग दुसऱ्याची बायको. एकेकासमोर जाऊन, ऑपरेशन झालेल्या पायाने, त्या पान देत गेल्या. कोणी नाही म्हणालं नाही. काही लोक ओशाळून हसले, मग हसू थांबलं. मिसळ गार होत होती. कॉलेजात जाणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "कैरीसारखा येतोय."

"हं. कैरीच्या चिकासारखा." त्यांनी शेवटचं पान देवरे काकांच्या हातात ठेवलं. "याला पाणजांभूळ म्हणतात. माझ्या वर्गात नियम होता, आधी नाक, मग नाव. तुमचं आधी कोयता."

"मॅडम, पण तो सगळा कचराच..."

"कचरा तुमचा होता. त्याने धरून ठेवला होता."

त्यांचा आवाज आता एवढा खाली गेला होता की पुढचं वाक्य फक्त काकांना आणि शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं. "आणि दिवस बघून काढलात ना. मी नसेन असा." काका म्हणाले, "नाही हो मॅडम, सुट्टी होती म्हणून." ते खरं बोलत होते. त्यांच्यासाठी तो दिवस फक्त सुट्टीचा होता. मॅडमच्या रागाला याहून चांगलं कारण त्यांना शोधूनही सापडलं नसतं.

खुंटांना धुमारे फुटणार होते. पाणजांभूळ छाटल्यावर मरत नाही. मॅडमनी हर्षलला फोन केला: बुंध्यांना हात लावू नका, पावसात फुटतील. हर्षल म्हणाला, बघतो मॅडम. मग बागकामाच्या नकाशावर वरच्या कोणाचं तरी लक्ष गेलं. वळण झाडीसाठी होतं. झाडी आता नव्हती. मग वळण कशाला? रस्ता सरळ झाला. खुंटांवर काठाचं दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, बसलं, सांध्यांत सिमेंट भरलं. दगडाचं काम उत्तम झालं होतं. एकाही फटीतून काही उगवू शकणार नाही, याची काळजी घेतलेली होती.

कठड्याच्या कडेला खड्डे घेऊन त्यात ट्रकभर बॉटलब्रश लावले गेले. दिंडोरी रोडच्या नर्सऱ्यांत तो हवा तेवढा मिळतो. लाल, लोंबता, फोटोत छान येतो. पाणजांभूळ कुठल्याच नर्सरीत नसतं. ते काठावर असतं, म्हणून कोणी विकत नाही.

हर्षल स्वतः मॅडमच्या घरी आला. मी त्या वेळी तिथेच होतो, त्यांनी एका कात्रणासाठी बोलावलं होतं. त्याने पेढे आणले होते.

"मॅडम, मी भांडलो कंपनीत. म्हटलं, तिथे जे होतं त्याच फॅमिलीतलंच लावायचं. बॉटलब्रश मिर्टेसीच आहे ना. तुम्हीच शिकवलंय. पानात तेलाचे ठिपके, चुरगळलं की वास."

तो खरोखर भांडला असावा. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वाचवल्याचं समाधान होतं. तीन वर्षं पहिल्या बाकावर बसून, जगातलं कुठलंही झाड नाकाने ओळखायला शिकून, त्याच्या हातात नोकरीत उरलं होतं ते परीक्षेतलं उत्तर. आणि उत्तर बरोबर होतं. ही चूक वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूसच करू शकतो. न शिकलेल्याने सरळ गुलमोहर लावला असता.

मॅडमनी पेढ्याचा बॉक्स बंद केला आणि त्याच्या हातात परत दिला. काही बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही.

उद्घाटनाला त्यांना बोलावणं होतं. हर्षलनेच नाव सुचवलेलं. पर्यावरणासाठी झटणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणून शाल आणि श्रीफळ. सगळ्यांना वाटलं त्या येणार नाहीत. त्या आल्या. तीच सुती साडी, कॅनव्हासचे बूट, छत्री. व्यासपीठावर चढताना हर्षलने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. शाल पुढे आली, तेव्हा त्यांनी ती अंगावर घेऊ दिली नाही, खुर्चीवर ठेवायला लावली आणि माइकपाशी गेल्या.

त्यांचा आवाज खाली उतरला होता. पण माइक होता, आणि माइकवाला हुशार होता. त्याने आवाज वाढवला. सुमन पगारे रागात असताना काय बोलतात ते त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं.

"या मुलाला मी मिर्टेसी शिकवलं. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी, बॉटलब्रश. सगळे एका फॅमिलीतले. त्याने परीक्षेत बरोबर लिहिलं, मी मार्क दिले. आता तुम्ही मला सांगा. तुमच्या घरात जन्म काढलेली म्हातारी उचलून तिच्या जागी ऑस्ट्रेलियाची बाई आणून बसवली, आणि म्हटलं, अहो, आडनाव तर तेच आहे. चालेल?"

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. टाळी वाजवायची की नाही हे न कळून दोनचार हात वर आले आणि खाली गेले.

"या शहरात मी घर शोधत होते तेव्हा माझं आडनाव ऐकून लोक दार लावत होते. हा बॉटलब्रश बिचारा काही बोललाही नाही. त्याचं आडनाव ऐकून तुम्ही त्याला नदीकाठचं घर दिलंत. दोन्ही वेळेला तुम्ही आडनावच बघितलंत. कोण आहे, कुठलं आहे, पुरात काय करतं, हे बघितलं नाहीत."

व्यासपीठावरचे पाहुणे घड्याळाकडे बघत होते. निवेदिका माइकच्या दिशेने एक पाऊल आली आणि थांबली. मॅडमनी छत्री उलटी केली, मुठीने कठड्याजवळच्या बॉटलब्रशची फांदी ओढली, एक पान तोडलं, आणि ते हर्षलच्या हातात दिलं.

"चुरगळ. सगळ्यांसमोर सांग, कसला वास येतो."

हर्षलने पान चुरगळलं. नाकाशी नेलं. माइक त्याच्या तोंडाजवळ होता. मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी तो माइकपासून तोंड बाजूला करून काहीतरी म्हणाला. पहिल्या रांगेत बसलेल्या मला ते ऐकू आलं. "कैरीचा नाय, मॅडम."

शहरी मराठी गळून पडली होती. मॅडम खाली उतरल्या आणि घरी गेल्या. शाल खुर्चीवर राहिली.

बातमी आली. आमच्याच पेपरात. "नदीकाठाला लाल फुलांची झालर." मॅडमचं भाषण त्यात नव्हतं. फोटोखाली लिहिलं होतं, "नव्याने लावलेली झाडे." सकाळी फोनची वाट बघितली. आला नाही.

त्यानंतरचा पावसाळा जोराचा झाला. धरणातून पाणी सोडलं आणि नदी कठड्याला लागली. बॉटलब्रश आडवे पडले. ओसरल्यावर तसेच पडून राहिले, मुळं उघडी टाकून. कंपनीने नवे आणून लावले. दगडी पिचिंगला काही झालं नाही. मात्र ते जिथे संपतं तिथून पुढे, खालच्या अंगाला, काठाची माती मोठ्या लचक्यासारखी निघून गेली. तिथे आता लोखंडी पत्रा उभा केला आहे आणि 'पुढे जाऊ नये' असा फलक आहे.

काठावरची झाडी गेली, तरी एक बेट राहिलं होतं. नदीच्या मधोमध, खडकावर, पाणजांभळीचा एक जुना झुबका. मोहिमेच्या दिवशी बूट भिजतील म्हणून तिथे कोणी गेलं नव्हतं. रस्त्याच्या नकाशातही ते बसत नव्हतं. पुरात ते पूर्ण बुडालं होतं. पाणी उतरलं तेव्हा उभं होतं, वरपासून खालपर्यंत चिंध्यांनी लगडलेलं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते दसऱ्यानंतरच्या एका सकाळी. पुढच्या आठवड्यात माझी बदली संभाजीनगरला झाली. नव्या रस्त्यावर फिरणाऱ्यांची गर्दी होती. बाकड्यांवर माणसं, हातात फोन, मुलं सायकलींवर. लाल फुलांसमोर एक कुटुंब फोटो काढत होतं. पाणी बरंच कमी झालं होतं, पण मधल्या खडकापर्यंत जायला गुडघाभर पाणी ओलांडावं लागत होतं. मॅडम साडी खोचून त्या पाण्यात उभ्या होत्या. गुडघा दुखत असावा. एक हात खडकावर टेकलेला होता. दुसऱ्या हाताने छत्रीच्या मुठीने त्या झुबक्यातून एकेक पिशवी ओढत होत्या. ओढायची, पिळायची, कमरेला बांधलेल्या पोत्यात घालायची. घाई नव्हती. मधेच एक पान उन्हाकडे धरलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मग पुन्हा पुढची चिंधी.

कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्या मुलाला दाखवलं आणि हाक मारली, "अहो आजी! एवढ्या पाण्यात उतरून तो कचरा कशाला काढताय? झाडच तोडायला सांगा ना त्यांना!"

मॅडम थांबल्या. वळल्या. काठाकडे बघून काहीतरी बोलल्या. ओठ हलले, चांगले दोनतीन वाक्यांएवढे हलले. पाण्याला काही फारसा आवाज नव्हता. रस्त्यावरही त्या क्षणी शांतता होती.

बाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणताय? ऐकू येत नाही!"

मलाही आलं नाही.